सिंदीच्या कोरड्या बंदराची वाट

ऑक्टोबर 2017 मध्ये नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत सिंदी (रेल्वे) येथे ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराने त्यासाठी सुमारे 346 एकर जागा राखली होती. जालन्यात असाच कार्यक्रम डिसेंबर 2015 मध्ये उरकला होता. नाशिक आणि सांगलीची नावेही ड्राय पोर्टच्या यादीत होती. वर्धा जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनच्या गावाला बंदर मिळणार म्हटल्यावर चर्चा होणारच.

मुळात ही जागा का निवडली, हे समजायला 1867 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जीआयपी रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे इंग्रजांचे लक्ष गेले होते. त्या लोहमार्गावर सिंदी आली आणि नावामागे कंसात 'रेल्वे' घेऊन बसली, कारण वर्ध्याला लागून दुसरी सिंदी (मेघे) आहे. वर्धा-नागपूर हा जेमतेम 80 किलोमीटरचा पट्टा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग त्यावर एकत्र धावतात. इतकी वर्दळ की तिसरी-चौथी लाइन टाकायला घ्यावी लागली.

रस्त्याने मात्र गावाला बगल दिली. नागपूरहून वर्ध्याकडे जाणारा हमरस्ता बुटीबोरी, सेलडोह, केळझर, सेलू असा निघून जातो. सिंदीला जायचे तर आत वळावे लागते. पुढे समृद्धी महामार्ग आला. नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा अख्खा मार्ग पूर्ण झाला. त्याचा इंटरचेंजही सेलडोहलाच. कंटेनरच्या ट्रेलरसाठी हे उत्तमच. पण त्या रस्त्यावर दुचाकीला आणि ऑटोला मज्जाव आहे. म्हणजे सिंदीच्या शेतकऱ्याने समृद्धी पाहायची ती पुलावरून.

ड्राय पोर्टचे काम तसे साधे. कापसाच्या गाठी, सूत, ढेप, तांदूळ असा माल इथेच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टमची तपासणी इथेच करून सील ठोकायचे आणि रॅक थेट न्हावाशेव्याला सोडायचा. तिथे पुन्हा कागद काढायची गरज नाही. अडचण असते ती रिकाम्या डब्यांची. परदेशातून माल उतरवून रिकामा झालेला कंटेनर जवळ मिळाला तरच निर्यातदाराला भाडे परवडते. विदर्भात आयात तुलनेने कमी, त्यामुळे रिकामा डबा लांबून ओढून आणावा लागतो. शिवाय सिंदीपासून नागपूरच्या बाजूचे पुढचेच स्टेशन बोरखेडी, तिथे खासगी कंटेनर टर्मिनल आहे. मिहानमध्ये कॉन्कोरचा डेपो आहे. कोनशिला बसवून रॅक भरत नाहीत, हे गणित 2017 मध्येही दिसत होते.

बहुधा म्हणूनच योजनेने कूस बदलली. ऑक्टोबर 2021 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची लॉजिस्टिक्स कंपनी यांच्यात करार झाला आणि ड्राय पोर्टचा मल्टी मोडल लॉजिस्टिक्स पार्क झाला. खर्चाचा अंदाज 673 कोटी, टप्पे तीन, पद्धत सार्वजनिक-खासगी भागीदारीची. गोदामे, शीतगृहे, ट्रकतळ असे सगळे एका आवारात, आणि आवारापर्यंत रस्ता व रेल्वे साइडिंग आणून देण्याची जबाबदारी सरकारी बाजूची. माझ्या मते हा बदल शहाणपणाचा होता. नुसत्या निर्यातीवर इथले आवार जगले नसते. देशांतर्गत माल साठवायला आणि वाटायला मात्र नागपूर-बुटीबोरीजवळची ही जागा नामी आहे.

या सगळ्यात गाव कुठे? सिंदीचा तान्हा पोळा लाकडी नंदीबैलांसाठी विदर्भात नावाजलेला आहे, एरवी मात्र गावाची रोजची गरज पॅसेंजरची. बुटीबोरीच्या एमआयडीसीत किंवा नागपूरला कामाला जाणारे, शिकणारी मुले, बाजारहाट करणारे सगळे तिच्यावर अवलंबून. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर थांबल्या, तेव्हा रेल्वेच्या नावाचे गाव रेल्वेविना राहिले. बहुतेक एक्सप्रेस आजही न थांबता धडधडत निघून जातात. पॅसेंजरला लूपवर घेऊन मालगाडी पुढे काढणे पासधारकांच्या अंगवळणी पडले आहे.

पार्कच्या प्रत्येक कागदावर 'कनेक्टिव्हिटी' असते. तीत कंटेनरची सोय आहे, माणसांची फारशी नाही. आवारात उद्या हमाल, फोर्कलिफ्ट चालवणारे, कारकून लागतील. ते याच पंचक्रोशीतून यायचे असतील तर तीन गोष्टी आत्ताच मागून घ्याव्या लागतील: सकाळ-संध्याकाळच्या पाळीला जुळणारी पॅसेंजर, सिंदी-सेलडोह रस्त्यावर ट्रेलरपासून वेगळी राहील अशी दुचाकी-सायकलची पट्टी, आणि आवारापर्यंत एसटीची फेरी. लोकप्रतिनिधींनी पुढच्या फीत कापण्याच्या कार्यक्रमाला येण्याआधी या तिन्हींचे लेखी उत्तर आणावे.