चाकांवरची चूल

घराला चाके लावून निघायचे म्हटले, की माणसे इंजिनाची चौकशी करतात, बिछाने मोजतात, न्हाणीघर पाहून नाक मुरडतात. शेगडी कशी आहे, हे विचारायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येते पहिल्या मुक्कामी, पोरे भुकेजली की. अमेरिकेतल्या मोटारहोमांत वर्षानुवर्षे प्रोपेन गॅसची शेगडी असे. आता अनेक नव्या गाड्यांच्या ओट्यावर तिच्या जागी काळीभोर काच दिसते. उन्हाळ्याच्या सुटीत अशी गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोनला निघालेले तिकडचे मराठी कुटुंब कुकर आणि पोळपाट-लाटणे घेऊन या काचेपुढे उभे राहते, तेव्हा पहिला हिसका बसतो तो ॲल्युमिनियमच्या कुकरला. तो तापतच नाही.

कारण ही शेगडी स्वतः तापून भांडे तापवत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहतो, आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन बूड तापते. त्यासाठी बुडाला चुंबक चिकटायला हवा. बिडाचा तवा चालतो, पण बूड सपाट हवे. आपला खोलगट पोळीचा तवा काचेवर नीट टेकत नाही आणि कडा थंड राहतात.

गॅसला रजा देण्याची कारणे खोटी नाहीत. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि मोटारहोममध्ये माणसे त्याच खोलीत झोपलेली असतात. शिवाय एक किलो प्रोपेन जळला, की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. थंडीत खिडक्या बंद करून भात लावा, सकाळी काचांवरून ओघळ वाहतात. उष्णतेचेही तसेच. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात उतरते. गॅसची निम्म्याहून अधिक भांड्याच्या कडेने वर निघून जाते आणि त्या चिमुकल्या खोलीची भट्टी करते.

इथवर सगळे छान. पण ही शेगडी १,८०० वॉट मागते, आणि ते आणायचे कुठून? घरी हा प्रश्न कोणी विचारत नाही. महिन्याचे बिल आले की चरफडतो आणि विसरतो. गाडीत मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीतून इतकी वीज काढायची, तर प्रवाह होतो दीडशे अँपिअरच्या वर. आपल्या घरातला गिझरचा मोठा प्लग सोळा अँपिअरचा असतो, यावरून अंदाज करावा. म्हणूनच बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड लागतात.

आता चौघांच्या जेवणाचा हिशेब मांडू. कुकरमध्ये वरण-भात : साधारण ३०० वॉट-तास. डझनभर पोळ्या : तेवढेच. एक भाजी : २००. चहा : १००. इन्व्हर्टरमध्ये वाया जाते ते धरले, की झाले एक युनिट. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावते. म्हणजे एका जेवणात एक बॅटरी आटोपली! छतावरचे २०० वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभर राबून तेवढेही पुरते भरून देत नाही. गाडी चालू असताना इंजिनाकडून बॅटरीला तासाला चारशे वॉट-तास मिळाले, तर अडीच-तीन तास गाडी हाकावी तेव्हा एका वेळचे जेवण शिजते. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तर विचारूच नये. निम्म्यापुढे ती वारंवार उपसली, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

विक्रेता काचेवरून हात फिरवून दाखवतो, तेव्हा यातले काही बोलत नाही. माझ्या मते खरी शेगडी काचेखाली नसतेच, ती बिछान्याखालच्या बॅटरीच्या पेटीत असते.

यलोस्टोनचेच पाहा. उद्यान प्रचंड, मुक्कामाचे तळ बरेच. पण विजेची जोडणी मिळते ती फक्त फिशिंग ब्रिज येथील तळावर. तिथे अस्वलांच्या भीतीने तंबूंना मज्जाव आहे, टणक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश. बाकीच्या तळांवर जनरेटरला ठरावीक तासांचीच मुभा, काही ठिकाणी तीही नाही. त्यात यलोस्टोन सरोवर महाबळेश्वरहून सुमारे हजार मीटर उंच. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो. विजेचा असा अपव्यय त्या जागी परवडत नाही. म्हणून स्टीलचा, बुडाला चुंबक चिकटणारा प्रेशर कुकर तिथे सोयीपेक्षा अधिक काही आहे : झाकण लागले, दाब चढला, की शेगडी मंद करावी, शिट्ट्या मोजत बसू नये. डाळ मात्र आधी भिजवलेली हवी.

विजेची जोडणी मिळाली तरी हात सैल सोडून चालत नाही. तीस अँपिअरच्या जोडणीवर एका वेळी ३,६०० वॉट मिळतात. वातानुकूलन यंत्र चालू, शेगडी चालू, आणि कोणी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला, की खटका पडून सगळा अंधार. दोष मात्र येतो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला.

गॅस पूर्ण काढून टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. वीज असेल तिथे आणि दिवसभर गाडी चालली असेल त्या संध्याकाळी काचेवर रांधावे. एरवीसाठी एक बर्नर राहू द्यावा. नाहीतरी अनेक गाड्यांत खोली आणि पाणी तापवायला प्रोपेनची टाकी लागतेच. आणि भाकरी किंवा फुलका टम्म फुगायला ज्योत लागते, हे चुंबकाला कोण समजावणार?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा हा हिशेब आता आपल्या घाटरस्त्यांवरही मांडावा लागणार आहे. गाडी ठरवण्याआधी घरच्या इंडक्शन शेगडीला वीज मोजणारे छोटे यंत्र जोडावे, आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या खिचडीपर्यंत पूर्ण दिवसाचा स्वयंपाक त्यावर करून आकडा लिहून ठेवावा. मग विक्रेत्याला शेगडीचे नव्हे, बॅटरीचे माप विचारावे.