एका ‘शोधा’चे चार इंग्रजी शब्द : पवनारच्या अभ्यासिकेतून

पवनारच्या विहारात रविवारी संध्याकाळी आम्ही इंग्रजी शब्दांचा सराव घेतो. येणारी बहुतेक मुलेमुली स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली, काही आयटीआयची, शिवाय दोन-तीन कार्यकर्ते. सुरुवातीला आम्हीही क्लासवाल्यांसारखेच केले. एका दमात वीस शब्द, समोर अर्थ आणि पुढच्या रविवारी चाचणी. महिनाभरात सगळे शब्द उडून गेले. मग शब्द विषयवार घ्यायचे ठरवले आणि पहिले तीन विषय निवडले : नवे शोध, खेळण्यांचा धंदा आणि हवेचे प्रदूषण. असे उतारे परीक्षेत येतात हे एक कारण. दुसरे कारण पुढे येईलच.

पहिल्याच दिवशी ‘शोध’ या शब्दाने अडवले. मराठीत शास्त्रज्ञ शोध लावतो, पोलीस चोराचा शोध घेतात आणि प्राध्यापक शोधनिबंध लिहितात. इंग्रजीत मात्र डिस्कव्हर, इन्व्हेंट, सर्च आणि रिसर्च असे चार वेगळे शब्द लागतात. पहिल्या दोघांत सर्वांत जास्त गोंधळ होतो. आम्ही एकच प्रश्न विचारायला सांगतो : ती गोष्ट आधीपासून होती का? क्ष-किरण निसर्गात होतेच, रॉन्टगेनला ते १८९५ मध्ये सापडले, म्हणून तिथे डिस्कव्हर. क्ष-किरणांनी फोटो काढणारे यंत्र आधी नव्हते, ते माणसाने बनवले, म्हणून तिथे इन्व्हेंट. खोटी सबब रचणे यालाही इंग्रजीत इन्व्हेंटच म्हणतात, हे कळल्यावर मुले हसली आणि तो शब्द कुणी विसरला नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरखा हलका हवा, खेड्यातल्या माणसाला घरी चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, अशा अटी होत्या. अशा अटींच्या यादीला स्पेसिफिकेशन म्हणतात. उचलून नेता येण्याजोगे ते पोर्टेबल, टिकाऊ ते ड्युरेबल आणि चाचणीसाठी बनवलेला पहिला नमुना म्हणजे प्रोटोटाइप. सगळ्या अटी पुरवणारा चरखा काही मिळाला नाही आणि बक्षीस तसेच राहिले. चरख्याचे नाव निघाले की आमच्यातल्या कुणाला येरवडा आणि १९३२ चा पुणे करार आठवतो. आठवावाच. पण इतिहास ओळखीचा असेल तर शब्द लवकर बसतात, म्हणून आम्ही तो टाळत नाही.

दुसरे उदाहरण तर स्वयंपाकघरातले आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आणली. तिचा धूर चिमणीवाटे घराबाहेर जाई. हे इन्व्हेंशन की इम्प्रूव्हमेंट, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने देशभर जो कार्यक्रम सुरू केला, त्याच्या नावात ‘इम्प्रूव्हड’, म्हणजे सुधारित, हाच शब्द होता. पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या जाळावर भाकरी करणारी आई ज्याने पाहिली आहे, त्याला ‘इनडोअर एअर पोल्यूशन’चा अर्थ वहीत लिहून द्यावा लागत नाही.

खेळण्यांकडे जाताना एक सापळा आहे. ‘इन्व्हेंटरी’चा अर्थ इन्व्हेंशनहून अगदी वेगळा आहे. दुकानातल्या शिल्लक मालाची यादी म्हणजे इन्व्हेंटरी. होलसेल म्हणजे घाऊक आणि रिटेल म्हणजे किरकोळ, हे बाजारात फिरणाऱ्या मुलांना येतेच. ‘ट्रेड’ म्हणजे व्यापार हे मात्र आयटीआयच्या मुलांना नवीन होते. त्यांच्या लेखी ट्रेड म्हणजे फिटर किंवा इलेक्ट्रिशियन.

आपल्याकडचे खेळणे म्हणजे तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी. आपल्या जिल्ह्यातले सिंदी (रेल्वे) मोठमोठ्या नंद्यांसाठी ओळखले जाते. त्यावरून एक प्रश्न निघाला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह मँडेटरी, म्हणजे सक्तीचे आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू म्हणजे टॉय, अशी त्या आदेशातली व्याख्या. मग आपल्या सुताराने काय करायचे? हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांचा माल ‘एक्झेम्प्ट’, म्हणजे सूट असलेला आहे. नोंदणी नसेल तर ती सूट नाही. ही सूट त्या कारागिराला कुणी समजावून सांगितली असेल का, याची आम्हाला शंका आहे.

आता तिसरा विषय, आणि खरे म्हणजे यासाठीच हा सराव सुरू झाला. आमच्यातला एक कार्यकर्ता एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेला होता. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या ठिकाणी लोकांना पाहायला ठेवावा लागतो. मराठीत मात्र त्याचा सारांशच देणे बंधनकारक आहे. त्याच्या हाती आलेला मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत होता. त्याला बोलायची संधी मिळाली, पण अहवालात काय लिहिले आहे तेच ठाऊक नव्हते. तो फक्त ‘आमचा विरोध आहे’ एवढे बोलून खाली बसला.

तो अहवाल आम्ही नंतर एकत्र बसून वाचला. ‘एमिशन’ म्हणजे चिमणीतून बाहेर पडणारे उत्सर्जन. ‘ओमिशन’ म्हणजे गाळणे, वगळणे. पहिले अक्षर चुकले की अर्थ उलटतो, आणि परीक्षेत हीच जोडी विचारतात. ‘ॲम्बियंट एअर’ म्हणजे आपल्या अवतीभवतीची, उघड्यावरची हवा, चिमणीच्या तोंडाशी असलेली नव्हे. ‘बेसलाइन’ म्हणजे प्रकल्प येण्यापूर्वीची स्थिती. ‘मिटिगेशन’ म्हणजे नुकसान कमी करण्याचे उपाय. नुकसान होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. ‘नेग्लिजिबल’ म्हणजे दुर्लक्ष करण्याइतके क्षुल्लक. कुणी दुर्लक्ष करायचे, हे तो शब्द सांगत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ‘विदिन परमिसिबल लिमिट’ने घेतला. मर्यादेच्या आत, ठीक आहे, पण कुणाच्या मर्यादेच्या? पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक असतात आणि फुफ्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा ५ आहे. म्हणजे ३५ आकडा आपल्या कायद्यात बसतो आणि तरीही त्या पातळीच्या सातपट होतो. शेजारच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथले आपले नातेवाईक कोळशाची धूळ आणि राखेबद्दल नेहमी बोलतात. राखेला अहवालात ‘फ्लाय ॲश’ म्हणतात.

लेखी हरकतही देता येते, हे अनेकांना माहीत नसते. म्हणून शेवटचा अर्धा तास आम्ही वाक्ये बनवण्यासाठी ठेवतो. गेल्या रविवारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने फळ्यावर इंग्रजीत लिहिले : बेसलाइनची मोजणी कोणत्या महिन्यात केली? व्याकरणात एक चूक होती, ती दुरुस्त केली. पावसाळ्यात धूळ खाली बसते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे तिनेच बाकीच्यांना समजावले. पुढच्या रविवारी ‘कम्प्लायन्स’ आणि ‘कम्प्लेंट’ घेणार आहोत. येताना वही आणि घरात असेल त्या खेळण्याचा रिकामा खोका आणा, त्यावरचा मजकूरही वाचायचा आहे.