परसातील कुक्कुटपालन : नव्या खुराड्यातील पहिला आठवडा

परसातील कुक्कुटपालनात पिल्लांचे वाटप झाल्यानंतर पहिल्या पंधरवड्यातच पक्ष्यांची संख्या घटू लागली, की त्याचा दोष बहुधा रोगावर किंवा जातीवर ठेवला जातो. पक्षी मेलेला सापडला तर शवविच्छेदन तरी करता येते. परंतु अनेक ठिकाणी पक्षी मेलेला आढळतच नाही, तो संध्याकाळी परतलेला नसतो, इतकेच. सरपणाच्या ढिगावर किंवा बैलगाडीखाली रात्र काढणारे सहा-सात आठवड्यांचे पिल्लू मांजर, मुंगूस वा भटक्या कुत्र्याच्या तावडीत सापडते आणि सकाळी चार पिसांखेरीज मागे काही उरत नाही. वीस पक्ष्यांच्या कळपातून असे चार पक्षी गेले, म्हणजे पहिले अंडे मिळण्यापूर्वीच पाचवा हिस्सा भांडवल बुडाले. पुढच्या वाटपाच्या वेळी तेच कुटुंब पिल्ले घेण्यास नकार देते, आणि तो नकार अनाठायी म्हणता येत नाही.

पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी रात्री झाडावर बसते. पिल्ले लहान असेतो आई त्यांना जमिनीवर पंखाखाली घेते. पंख फुटल्यावर ती स्वतः फांदीवर जाते आणि पिल्ले तिच्यामागे वर चढतात. गावठी खुडूक कोंबडीमागे वाढलेल्या पिल्लांनाही संध्याकाळी कोठे जायचे हा धडा आईकडूनच मिळतो. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले मात्र यंत्रात उबवलेली आणि ब्रूडरमध्ये वाढलेली असतात. त्यांनी आई पाहिलेली नसते, आणि पुष्कळदा अंधारही पाहिलेला नसतो. ब्रूडरमधील दिवा रात्रभर जळत असल्यामुळे मावळतीची चाहूल लागताच निवाऱ्याकडे वळावे, ही सवय त्यांच्या अंगी लागलेली नसते. सहाव्या आठवड्यानंतर हे पक्षी एकदम अंगणात सोडले, तर उजेड संपेल तेथेच ते बसतात. कारण कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही आणि एकदा बसल्यावर ती जागा सोडत नाही.

त्यामुळे सवयीची तयारी ब्रूडरमध्येच सुरू होणे इष्ट. पहिल्या आठवड्यातील सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करीत नेले जाते. बाहेरचे हवामान उबदार असेल आणि पिल्लांना पिसे फुटली असतील, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात रात्रीचा उजेड टप्प्याटप्प्याने मंद करून शेवटी बंद करता येतो. थंडीच्या दिवसांत उष्णता चालू ठेवून केवळ प्रकाश कमी करावा लागेल. तिसऱ्या आठवड्यापासून वीतभर उंचीवर एक आडवी काठी बांधली, तर पिल्ले खेळता खेळता तिच्यावर चढू लागतात. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. तथापि, स्वीडनमध्ये झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चौथ्या आठवड्यापर्यंत बसण्याची दांडी मिळालेल्या कळपांत पुढे जमिनीवर घातल्या जाणाऱ्या अंड्यांचे प्रमाण कमी आढळले होते. उंचीवर चढण्या-उतरण्याचे कौशल्य लहानपणीच येते, हे त्यामागील कारण.

स्थलांतराची वेळ

ब्रूडर आणि नवे खुराडे एकाच आवारात असेल, तर अंधार पडल्यावर पक्षी शांतपणे उचलून दांडीवर नेऊन बसवणे सोयीचे. वाहनातून दुरून आणलेल्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी. ते तहानलेले असतात. अंधारात नव्या जागी सोडल्यास पाण्याचे भांडे त्यांना सकाळपर्यंत सापडत नाही. असे पक्षी पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी पोहोचावेत, म्हणजे संपूर्ण दिवसाचा उजेड त्यांच्या हाती राहतो. लसीकरण, खाद्यबदल आणि स्थलांतर ही तिन्ही कामे एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. प्रत्येकाचा ताण वेगळा असतो आणि तो साचत जातो.

यानंतरचे चार ते सात दिवस पक्ष्यांना बाहेर सोडू नये. नव्या खुराड्याची ओळख याच काळात पक्की होते, आणि नेमका हाच टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो. ‘मोकळे फिरणारे पक्षी कोंडून का ठेवायचे?’ हा लाभार्थींचा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की खाद्य, पाणी आणि रात्रीची सुरक्षित बैठक ही तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात, हे पक्ष्याने सलग काही दिवस अनुभवल्याखेरीज ती जागा त्याच्या लेखी घर ठरत नाही. मात्र पत्र्याचे खुराडे उन्हाळ्यात दिवसभर बंद ठेवणे प्राणघातक ठरू शकते. खुराड्याला लागून जाळीचा छोटा आडोसा करावा, त्यावर नारळाच्या झावळ्या किंवा कडब्याची सावली घालावी आणि दिवसा पक्षी त्या आडोशात ठेवावेत.

पहिल्या दोन-तीन रात्री खरा धोका बाहेरून नव्हे, आतूनच संभवतो. भेदरलेले किंवा गारठलेले पक्षी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. कोपऱ्यांत पेंढ्याची पोती किंवा बांबूची चटई वाकवून लावल्यास कोपरा गोलसर होतो. अंधार पडल्यानंतर तासाभराने एकदा जाऊन ढीग झाला असल्यास पक्षी अलग करावेत, दोन-चार उचलून दांडीवर बसवावेत.

दांडीची रचना थोडा विचार मागते. गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतो. चार-पाच सेंटीमीटर जाडीचे, कडा घासलेले खडबडीत लाकूड अधिक चांगले. प्रत्येक पक्ष्यास १५ ते २० सेंटीमीटर जागा लागते. आरंभी उंची फूटभर पुरे. सर्व दांड्या एकाच पातळीवर ठेवल्यास सर्वांत उंच जागेसाठी होणारी भांडणे टळतात. अंडी घालण्याचे खोके दांडीपेक्षा खाली असावेत, अन्यथा पक्षी खोक्यांतच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात.

पहिली मोकळीक

पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान, सूर्यास्तापूर्वी सुमारे तासभर, पक्षी प्रथम बाहेर सोडावेत; तेही संध्याकाळचे खाद्य न देता. वेळ थोडा असल्याने ते दूर जात नाहीत, भूक असल्याने हाकेला येतात आणि उतरता उजेड त्यांना आत ढकलतो. कोंडलेल्या दिवसांत प्रत्येक वेळी दाणे टाकताना एकच ठरावीक हाक दिली असेल किंवा डबा वाजवला असेल, तर आता तोच आवाज उपयोगी पडतो. मूठभर ज्वारी, बाजरी वा तांदळाची कणी खुराड्याच्या आत, दारापासून दूर पसरावी. दुसऱ्या दिवसापासून सोडण्याची वेळ रोज तासाभराने अलीकडे आणावी. संध्याकाळचा दाणा मात्र कायम आतच द्यावा.

बाहेरच्यापेक्षा आत अधिक अंधार असेल, तर पक्षी दारात घुटमळतात. अशा वेळी दांडीच्या बाजूस एक मंद दिवा अर्धा तास लावणे पुरेसे होते. वीज बेभरवशाची असेल तेथे लहान सौर कंदील चालतो. सर्व पक्षी बसल्यावरच दिवा विझवावा. मध्येच विझल्यास जमिनीवरचे पक्षी तेथेच राहतात.

बाहेर राहिलेल्यांचा काठी घेऊन पाठलाग करणे सर्वथा निषिद्ध समजावे. त्यातून पक्षी खुराडे आणि भीती यांची सांगड घालतो. अंधार पडू द्यावा. मग तोच पक्षी हातात सहज येतो. त्याला दांडीवर नेऊन बसवावे. झाडावर चढलेला पक्षी मात्र पहिल्याच रात्री उतरवला पाहिजे, कारण दोन-तीन संध्याकाळींत ती सवय घट्ट होते. दार बंद करताना पक्षी मोजणे हा नियमच असावा.

घरी जुन्या कोंबड्या असल्यास नव्या तलंगांना आठवडाभर जाळीच्या पलीकडे, दिसतील अशा ठेवून नंतर रात्री एकत्र करावे आणि खाद्याची भांडी दोन तरी असावीत. या काळात खुराड्याची जागा हलवू नये. पक्षी रचनेकडे नव्हे, जागेकडे परततात. दहा-पंधरा पावले सरकवलेल्या खुराड्याऐवजी जुन्या रिकाम्या जागेवर कळप गोळा झालेला पाहावयास मिळतो.

विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने एक अडचण येथे नोंदवणे अवश्य आहे. प्रशिक्षण सकाळी अकराला होते आणि ही सारी प्रक्रिया घडते ती सायंकाळी साडेसहाला. वाटपानंतरच्या आठवड्यातील एक भेट तरी दिवेलागणीला ठेवली, तर खुराड्याचे दार कोणत्या दिशेला आहे, शेजारचे कुत्रे कोठून येते, दाणे कोण टाकते, हे प्रत्यक्ष दिसते. आठव्या आठवड्यातील राणीखेतची आर-टू-बी लसही अशा वेळी सुकर होते, कारण पक्षी दांडीवर शांत बसलेले असतात.

मातीशी प्रथमच संबंध आल्यावर रक्ती हगवणीचा धोका वाढतो. गादी कोरडी ठेवून विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागांत किंवा ईशान्येकडील बांबूच्या, जमिनीपासून उचललेल्या खुराड्यांत ओल कमी राहते, पण तेथे शिडीची उतरंड सौम्य असावी लागते. अन्यथा पक्षी खालीच झोपतात.

सवय लागलेला कळप महिन्या-दोन महिन्यांनी अचानक आत जाण्यास टाळाटाळ करू लागला, तर शिकवण पुन्हा सुरू करण्याआधी रात्री दांडी तपासावी. लाल गोचिडी दिवसा लाकडाच्या भेगांत दडतात आणि रात्री पक्ष्यांचे रक्त शोषतात. दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके घासून पाहिल्यास त्यावर तांबडे ठिपके उमटतात.