पाणी भरणाऱ्या बायका पाण्यावर स्वार!

पाण्याशी आम्हा बुलडाण्याच्या बायकांचं नातं तसं जन्माचंच. पण ते हंड्याचं, टाकीचं आणि नळाच्या वारांचं! नळ कितव्या दिवशी येणार, किती वेळ राहणार आणि येळगाव धरणात पाणी किती उरलंय, यावर आमच्याकडे मार्चपासूनच चर्चा सुरू होते. पैनगंगा उगम पावते आमच्याच बाजूच्या अजिंठ्याच्या डोंगरात. पण इथे ती अगदी लहानशी पोर. भरल्या अंगाची होते ती पुढे, सासरी गेल्यावर! आणि लोणारचं सरोवर? ते खारं. बघायचं आणि हात जोडायचे.

त्यामुळे आमच्या भिशीत एकीनं जाहीर केलं, ‘यंदा माहूर नको, शेगाव नको. कोकणात कोलाडला जाऊ, राफ्टिंग करू,’ तेव्हा चहाचे कप हातातच राहिले. राफ्टिंग म्हणजे रबराच्या फुगवलेल्या होडीत बसून खळाळत्या नदीतून खाली जायचं. हे कळल्यावर माझ्या जाऊबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, ‘काऊन वं, घरचं पाणी भरता भरता जीव जाते, आता पैसे देऊन पाण्यात पडू?’

तरी गेलोच. आठ जणी, वय ३४ ते ५८. त्यातल्या सहा जणींना पोहता येत नव्हतं. घरच्यांचा विरोध नव्हता, पण हसणं मात्र भरपूर होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं, तिथून गाडी करून मुळशी, ताम्हिणी घाट आणि खाली रायगड जिल्ह्यातलं कोलाड. ताम्हिणी उतरताना आमच्या राजूर घाटाची आठवण प्रत्येकीनं काढलीच. माहेर-सासर कुठेही असो, घाट आपलाच मोठा!

कोलाडला कुंडलिका नदीत हे राफ्टिंग चालतं. साधारण बारा किलोमीटरचा प्रवास, दीड-दोन तासांचा. नद्यांच्या खळाळाला एक ते सहा अशी श्रेणी असते. सहावी म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत येते. म्हणजे नवख्या माणसाला दम भरवणारी, पण नीट शिकवणारा सोबत असेल तर पार करता येणारी. जिथे उतार वाढतो, पात्र अरुंद होतं आणि पाण्याखाली मोठे दगड असतात, तिथे पाणी उसळतं, पांढरं होतं. त्यालाच ‘रॅपिड’ म्हणतात.

होडीत बसण्यापूर्वी काठावर अर्धा तास शाळा भरली. लाइफ जॅकेट इतकं घट्ट बांधलं की खांद्याला धरून वर ओढलं तरी हलायला नको. डोक्यावर हेल्मेट. वल्ह्याच्या वरच्या आडव्या मुठीवरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही, कारण ती मूठ सुटली की शेजारणीचे दात गेलेच समजा! ‘फॉरवर्ड’ म्हटलं की सगळ्यांनी मिळून पुढे वल्हवायचं, ‘स्टॉप’ म्हटलं की थांबायचं, ‘गेट डाऊन’ म्हटलं की होडीच्या आत खाली बसायचं. आमचा गाइड जवळच्याच गावचा, विशी-बाविशीतला मुलगा. तो म्हणाला, ‘मावशी, पोहता येत नसेल तर चालेल. पण ऐकता आलं पाहिजे.’

मग त्यानं जे सांगितलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. होडीतून पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. वाहत्या पाण्यात पाय टेकवायला गेलं की तो दगडांच्या खाचेत अडकतो आणि मागचं पाणी माणसाला पुढे लोटून खाली दाबतं. उताणं व्हायचं, पाय वाहत्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. दगड आला तर तळपायानं ढकलायचं. बुडणारा माणूस घाबरून उभा राहायला धडपडतो, तिथेच घात होतो.

पहिला रॅपिड आला तेव्हा देवाचं नाव घेतलं नाही अशी एकही नव्हती. होडीचं नाक खाली गेलं, थंडगार पाणी तोंडावर आदळलं आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही पलीकडे! मग जे हसू फुटलं ते थांबेना. तिसऱ्या रॅपिडपर्यंत वल्ही एका तालात पडू लागली. जात्यावर दोघींचा हात जसा एका लयीत फिरतो ना, तसंच. पुढे नदी शांत झाली, तिथे पाण्यात उतरायची परवानगी मिळाली. सगळ्यात शेवटी उतरल्या जाऊबाई. होडीची दोरी धरून आधी दोन मिनिटं, मग दोरी सोडून. आभाळाकडे तोंड करून पडल्या त्या पडल्याच. नंतर म्हणाल्या, ‘पन्नाशी झाली माही, पण पाण्यानं मले उचललं हे पयल्यांदाच. आजवर मीच त्याले उचलत आली.’

सह्याद्रीच्या या बाजूला फेब्रुवारीत एवढं पाणी येतं कुठून, हा प्रश्न आमच्याकडच्या बाईला पडणारच. उत्तर ऐकून मात्र हसू थोडं आवरलं. हे पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचं, म्हणजे मुळा नदीचं. तिनं पूर्वेला भीमेकडे जायचं. पण धरणानं ते पाणी अडवून, बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणलं जातं. तिथे टाटांचं वीजकेंद्र आहे, १९२७ पासूनचं. वीज तयार करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. म्हणूनच राफ्टिंग सकाळी, पाणी सुटतं त्या वेळेला. उशिरा पोहोचलात तर नदी उतरलेली. पुढे हेच पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून शेतीला जातं, आणि नदी रोह्यावरून रेवदंड्याला समुद्रात मिसळते.

या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यानं दिली. मावळातल्या बायकाही त्यात उतरल्या होत्या. जमीन गेली ती गेलीच. येताना गाडीतून आम्ही मुळशीचं ते निळंशार पाणी ‘किती सुंदर!’ म्हणत पाहिलं होतं. जाताना त्याच वळणावर गाडी थांबवली, पण फोटो कोणी काढला नाही. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी दोघींच्या माहेरांना चांगलं ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, जायचं ठरवलंत तर काही गोष्टी आधी विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार संस्थेची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? होडीसोबत बचावाची दोरी आणि कयाकमधला माणूस असतो का? हृदयविकार, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर काठावर बसूनच मजा बघा, आणि फॉर्मवर खरं तेच लिहा. साडी, ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या खोलीवर ठेवा. अंगाबरोबरचे, लवकर वाळणारे कपडे आणि मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्या भागात आता शेतोशेती शेततळी झाली आहेत. त्यातलं प्लास्टिक ओलं झालं की इतकं निसरडं होतं की चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. धुणं धुवायला, पाणी शेंदायला गेलेल्या बायका-मुली बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. एक पडली की तिला वाचवायला दुसरी उडी मारते, आणि दोघी जातात. जन्मभर पाणी वाहणाऱ्या बाईला पाण्यात तरंगायला कोणी शिकवत नाही, ही काय रीत झाली?

गाइडनं शिकवलं होतं, बुडणाऱ्याकडे स्वतः जायचं नाही, दोरी फेकायची. आमच्यातल्या एकीनं घरी गेल्यावर आठवडाभरात शेततळ्याच्या चारही बाजूंना खुंट्या ठोकून गाठी मारलेल्या दोऱ्या आत सोडल्या आणि ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब हवा भरून काठावर बांधली. खर्च फार नाही आला. आता शेजारच्या मळ्यातल्या बायका दोरी केवढी लागते ते विचारायला येताहेत.