टोमॅटोच्या विषाणू-प्रतिकारक वाणांची पारख

पर्णगुच्छ, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलीतील बोकड्या, हा टोमॅटोचा अत्यंत नुकसानकारक विषाणूजन्य रोग होय. पाने आकसून वळतात, झाड खुजे राहते आणि लागण रोपावस्थेत झाल्यास फळधारणा जवळजवळ होतच नाही. भारतात या रोगाची नोंद १९४८ मध्ये झाली. विषाणूवर औषध नाही. फवारणी होते ती त्याचा प्रसार करणाऱ्या पांढऱ्या माशीवर. त्यामुळे प्रतिकारक वाणाचे महत्त्व मोठे आहे.

परंतु प्रतिकारक कोणास म्हणावे? रोगट शेतात पाच-दहा झाडे हिरवीगार उभी असतात. ती खरोखर प्रतिकारक असतील, किंवा माशी त्यांच्यावर बसलीच नसेल. म्हणून चाचणीच्या शेतात ठरावीक अंतराने पुसा रुबीसारख्या लवकर बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावतात, जेणेकरून रोग सर्वत्र पसरावा. तेवढ्यानेही खात्री पटत नाही. जाळीच्या पिंजऱ्यात माश्या रोगट झाडावर सुमारे २४ तास ठेवून, नंतर दोन-तीन पानांच्या कोवळ्या रोपांवर सोडल्या जातात. पुढे लक्षणांना शून्यापासून चढत्या क्रमाने गुण दिले जातात.

लागवडीच्या टोमॅटोत या रोगाविरुद्ध भक्कम प्रतिकारक्षमता फारशी आढळली नाही. ती शोधावी लागली रानटी नातेवाइकांत. येथे एक फसगत संभवते. सोलानम हॅब्रोकाइटीस या रानटी जातीच्या पानांवर चिकट स्राव सोडणारी लव असते व माशीला ती मानवत नाही. अशा वेळी झाड विषाणूला रोखते की केवळ माशीला, हे पिंजऱ्यातही स्पष्ट होत नाही. म्हणून रोगट फांदीचे कलम बांधून विषाणू थेट झाडात पोहोचवतात. लक्षणे न दिसणाऱ्या झाडांचीही पीसीआर चाचणी करावी लागते, कारण वरून निरोगी दिसणारे झाड आत विषाणू बाळगून असू शकते.

याच रानटी जातीतून हिस्सार येथे कल्लू व बॅनर्जी यांनी प्रतिकारक्षमता टोमॅटोत आणली. ते संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एच-२४ या वाणातील जनुक पुढे टीवाय-२ म्हणून ओळखले गेले. ते बंगळूरकडील पर्णगुच्छ विषाणूला रोखते. नवी दिल्ली विषाणूपुढे मात्र निष्प्रभ ठरते. एका ठिकाणचा 'प्रतिकारक' शिक्का दुसऱ्या ठिकाणी चालेलच असे नाही, आणि बियाण्याच्या पुडीवर हे क्वचितच लिहिलेले असते.

विषाणू एकटाच येतो असेही नाही. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात संगमनेर-अकोले भागातील टोमॅटोची फळे डागाळली, तेव्हा नमुन्यांत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. तो मावा पसरवतो व टीवाय जनुके त्याला रोखत नाहीत. उलट, या विषाणूची लागण झाल्यास टीवाय-१ जनुकाने मिळणारे संरक्षणच ढासळते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.