सुरू न होणाऱ्या संगणकाची तेरीज

हाताने लिहिलेल्या खातेवह्यांचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना तेरीज न जुळणारी संध्याकाळ विसरता येणार नाही. दोन्ही बाजूंच्या बेरजांत ९०० रुपयांचा फरक पडलेला असे आणि चूक आपल्याच हातून झाली असेल काय, ही शंका प्रत्येकाच्या मनात असे. माझे पहिले शाखाधिकारी अशा वेळी साऱ्या वह्या पुन्हा तपासू देत नसत; ते आधी फरकाकडे पाहावयास सांगत. फरकाला नऊने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. ४५०० ऐवजी ५४०० लिहिले की नेमका ९०० चा फरक पडतो. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत आढळली, तर ती नावेऐवजी जमेस गेली असावी. चूक कोठे आहे, हे फरकच सांगत असतो.

निवृत्तीनंतर ही शिकवण पुन्हा उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते. ती पडली एका संगणकापुढे.

उत्साह आणि निराशा

माझी कन्या वास्तुशास्त्राच्या अंतिम वर्षाला होती. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून तिने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणला आणि डोंबिवलीतील आमच्या घरी स्वतः संगणक जोडला. खर्च वाचावा म्हणून कॅबिनेट मात्र जुनेच ठेवले. बटण दाबताच पंखे क्षणभर फिरले आणि थांबले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. प्रकल्प सादर करण्यास तीन आठवडे उरले होते.

दूरध्वनीवरून एका विक्रेत्याने निदान केले, की मदरबोर्ड गेला असणार आणि जोडताना बिघडला असल्यास तो वॉरंटीत बसणार नाही. नवा घ्यायचा म्हणजे तिच्या वर्षभराच्या बचतीचा मोठा हिस्सा गेला. "बाबा, माझ्याच हातून काहीतरी मोडलं," एवढेच बोलून ती उठून गेली. मला पैशांपेक्षा त्या वाक्याची अधिक काळजी वाटली.

लक्षण काय सांगते?

बटण दाबल्यापासून विंडोज अथवा लिनक्स दिसेपर्यंत संगणकात घटनांची एक साखळी असते. एसएमपीएस वीज पुरवतो, प्रोसेसर जागा होतो, मदरबोर्डवरील बायॉस आज्ञावली मेमरी व ग्राफिक्स यांची चाचणी घेते आणि अखेरीस डिस्कवरील कार्यप्रणालीला हाक मारते. साखळी कोठे तुटली, हे लक्षणावरून बरेचसे कळते.

काहीच हालचाल नसेल, तर भिंतीवरील बटण, एसएमपीएसच्या मागचे बटण आणि कॅबिनेटच्या पुढील बटणाची बारीक वायर पाहावी. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर बहुधा कोठेतरी शॉर्ट सर्किट होत असून एसएमपीएस स्वसंरक्षणार्थ बंद पडत असतो. पंखे फिरत राहिले पण पडदा काळाच असेल, तर रॅम खटकन आवाज येईतो बसली आहे काय, २४ पिनांच्या मुख्य जोडणीखेरीज प्रोसेसरची ८ पिनांची स्वतंत्र जोडणी राहून गेली काय, मॉनिटरची केबल योग्य जागी आहे काय, हे तपासावे. नव्या डीडीआर ५ रॅमला पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात. तेव्हा घाईने वीज तोडू नये. नवा प्रोसेसर आणि जुना बायॉस असाही बेबनाव संभवतो. २०२० मध्ये आलेले रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर अनेक जुन्या मदरबोर्डांवर बायॉस अद्ययावत केल्यावरच चालले. आणि पडद्यावर अक्षरे उमटून डिस्क सापडत नसल्याची तक्रार येत असेल, तर साखळीचे पहिले दुवे शाबूत आहेत असे समजून केवळ डिस्क व तिची जोडणी पाहावी.

अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व डिस्क यांसाठी चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, तेथून शोध सुरू करावा. काही बोर्ड शिटीसारखे ध्वनीही देतात. त्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलत असल्याने सोबतची पुस्तिका जपून ठेवावी.

एका वेळी एकच बदल

आमचे लक्षण दुसऱ्या प्रकारचे होते. मी कन्येला बोलावले आणि कागदावर नोंदी ठेवत काम करू, असे सुचवले. प्रथम वीज बंद करून वायर काढली. अंगातील स्थितिक विद्युत उतरावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावला. मग सर्व भाग बाहेर काढून मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि त्यावर केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेवले. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असल्याने वेगळे कार्ड लागणार नव्हते. बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवताच पंखा फिरू लागला, फिरतच राहिला आणि पडद्यावर बायॉसची अक्षरे उमटली.

मदरबोर्ड जिवंत होता! विक्रेत्याचा अंदाज चुकला होता. आणि मुलीच्या हातून काही मोडलेही नव्हते. रॅमची दुसरी पट्टी लावली, चालले. डिस्क लावली, चालले. प्रत्येक पायरीनंतर ती कागदावर बरोबरची खूण करीत गेली. अखेर केवळ कॅबिनेट उरले. ते उजेडात धरून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. मदरबोर्ड ज्यांच्यावर टेकतो, त्या पितळी खुंट्या जुन्या, लहान आकाराच्या बोर्डासाठी बसवलेल्या होत्या. त्यांतील एक नव्या बोर्डाच्या कोणत्याही छिद्राखाली येत नव्हती. ती थेट त्याच्या पाठीवरील जोडण्यांना टेकत होती. खुंटी काढली आणि संगणक कॅबिनेटमध्येही सुरू झाला. दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये.

काही पथ्ये

एसएमपीएस कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो. प्रत्येक भागाचे बिल आणि खोके जपावे, कारण सुटे भाग घेतल्यास वॉरंटीही प्रत्येकाची वेगळी असते.

संगणक सुरू होत नाही म्हणून माहिती गेली, असे सहसा नसते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मात्र विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल; मदरबोर्ड बदलल्यावरही ती मागितली जाऊ शकते. ती आधीच अन्यत्र लिहून ठेवावी आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्यावी. संगणक दुरुस्तीस देताना नेट बँकिंगचा पासवर्ड कोणालाही सांगू नये. कोणत्याही दुरुस्तीला त्याची गरज नसते.

कन्येचा प्रकल्प वेळेत सादर झाला. ती पितळी खुंटी तिने टेबलाच्या खणात ठेवली आहे. तिच्याजवळच आमचा नोंदींचा कागदही आहे, आणि त्याच्या शीर्षस्थानी तिने माझ्या नकळत एकच शब्द लिहिला आहे : तेरीज.