पेशीतील भागीदारी

दह्याच्या विरजणातला जंतू आणि येडगावच्या मळ्यातले द्राक्षाचे पान, दोन्ही सजीवच. पण बांधणीत केवढे अंतर! जंतूची पेशी म्हणजे चाळीतली एकखणी खोली. पानाची पेशी म्हणजे कारखाना. अनुवंशाचे दप्तर केंद्रकात जपलेले, तंतुकणिका शक्ती पुरविते, हरितलवक उन्हाच्या बळावर अन्न करते. हा कारखाना उभा राहिला कसा?

१९०५ साली रशियाच्या मेरेश्कोव्स्की यांनी सुचविले की, हरितलवके ही मूळची स्वतंत्र जीवांची संतती असावी. १९६७ साली अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी तंतुकणिकांनाही तोच न्याय लावला. त्यांचा निबंध कित्येक नियतकालिकांनी आधी परत केला होता. पण पुरावा साचत गेला. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए आहे आणि ती जंतूसारखी दुभंगून वाढते. माणसाच्या तंतुकणिकेत आजही ३७ जनुके आहेत.

मग यजमान कोण? २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की, हा रंग क्षारप्रिय आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. एरवी ते पाणी हिरवे दिसते ते नीलहरित जंतूंमुळे. आर्कियांचीच दुसरी एक शाखा समुद्रतळाच्या गाळात सापडली आणि २०१५ मध्ये जाहीर झाली. आपल्या पेशीशी तिचे नाते फार जवळचे आहे. सुमारे १५० ते २०० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका आर्कियाच्या पोटात प्राणवायू वापरणारा जंतू शिरला आणि पचला नाही. त्याची झाली तंतुकणिका. पुढे अशा एका पेशीने नीलहरित जंतू सामावून घेतला, त्याचे झाले हरितलवक.

‘झुंज हाच निसर्गाचा कायदा, दुबळ्याने मुकाट राहावे,’ हे कामगाराला वारंवार ऐकविले जाते. आपल्या देहातली पेशीच त्याला खोटे पाडते. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. तंतुकणिकेची बहुतेक जनुके केंद्रकाकडे गेली किंवा लोप पावली; आज ती पेशीबाहेर स्वतंत्र जगू शकत नाही. निसर्गात भागीदारी आहे, पण तिच्या अटी न्याय्य असतातच असे नाही. अटी ठरविणे हे माणसाचे काम, आणि ते निसर्गावर ढकलून चालणार नाही.